काकु, कर्तृत्व आणि नायकाचे मौन

१.

व्हिडिओ गेम हा विषय मराठी समीक्षेच्या कक्षेत येतो की नाही, या वादात शिरण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. १९९९ साली आलेल्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ या खेळाची संहिता काही लाख शब्दांची आहे, २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’ची सुमारे दहा लाख शब्दांची. जी संहिता कोणीतरी लिहिली आहे, जी वाचल्यावाचून खेळ पुढे सरकत नाही आणि जिच्यात पात्र, निवेदन, संवाद, उपरोध ही सर्व सामग्री आहे, तिला वाङ्मयविचाराची परिमाणे लावता येतात, एवढे गृहीत धरून पुढे जाऊ. वाद घालायचा आहे तो त्या संहितेच्या पोटातील एका प्रश्नाशी. ज्या खेळात खेळणारा स्वतःच नायक होतो, त्या खेळात नायकाच्या तोंडची वाक्ये ध्वनिमुद्रित अभिनेत्याच्या आवाजात ऐकवावीत की ती केवळ अक्षररूपात राहू द्यावीत?

प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. तो तसा नाही. कथनात्मक कलाकृतीतील ‘मी’ कोणाच्या मालकीचा, हा वाङ्मयविचारातील एक जुना प्रश्नच येथे नव्या वेषात उभा आहे. आणि त्याला आजकाल जे उत्तर दिले जाते ते इतक्या सहजतेने दिले जाते, की त्याचा प्रतिवाद करणे आवश्यक झाले आहे.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. मूक नायक ही तांत्रिक दारिद्र्याची खूण होती. आरंभीच्या काळात यंत्राची स्मृती तोकडी होती आणि ध्वनिमुद्रण खर्चिक होते. म्हणून नायक बोलत नसे. आता इतर प्रत्येक पात्र बोलत असताना नायकानेच तोंड मिटून बसावे हे अस्वाभाविक आहे. शिवाय आवाज हा अभिनयाचा प्राण. तो काढून घेतला की नायक भावशून्य बाहुले ठरतो. तंत्र पुढे गेले, आता कलाही पुढे गेली पाहिजे.

या युक्तिवादातील पहिले विधान ऐतिहासिकदृष्ट्या अर्धसत्य आहे आणि उरलेली दोन सैद्धान्तिकदृष्ट्या सदोष आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२.

प्रथम इतिहास पाहू. भूमिकाप्रधान खेळांचा उगम संगणकात नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तो टेबलाभोवती बसून, फासे टाकून, बोलून खेळायचा खेळ होता. त्यात खेळाडू बोलतो ते दोन रीतींनी. कधी तो थेट पात्राच्या तोंडून उद्गारतो. कधी “मी द्वारपालाला सांगतो, की आम्ही व्यापारी आहोत” असे अप्रत्यक्ष कथन करतो. दोन्ही रीती तेथे सारख्याच वैध आहेत. म्हणजे या कलाप्रकाराच्या मुळाशी जे आहे ते मौन नव्हे. खेळाडूने स्वतः घडवलेली उक्ती आहे, आणि तिला नाट्यरूप द्यायचे की नाही हेही तोच ठरवतो.

संगणकाने हे बोलणे लिखित पर्यायांत आणले, तेव्हा रचनेचे स्वातंत्र्य गेले व निवडीचे स्वातंत्र्य उरले. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ४’ (१९८५) मध्ये खेळाडू समोरच्याला एकेक शब्द टंकून प्रश्न विचारी. पुढे पूर्ण वाक्यांची यादी आली आणि तीतील एक निवडायचे असा संकेत रूढ झाला. हा संकोच होता, हे मान्य. पण निवडलेले वाक्य कोणत्या सुरात उच्चारले गेले, हे ठरवण्याचा अधिकार त्या यादीने खेळाडूकडेच ठेवला होता. आवाजाने जे काढून घेतले ते हे शेवटचे उरलेले स्वातंत्र्य.

तंत्र उपलब्ध होताच मौन संपले, हेही खरे नाही. २०११ चा ‘स्कायरिम’, २०१० चा ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ हे ध्वनीने गजबजलेले खेळ आहेत; त्यांत शेकडो पात्रे बोलतात, आणि संभाषणात नायक मूक आहे. याच ‘फॉलआउट’ मालिकेतील चौथ्या खेळात (२०१५) बेथेस्डा या संस्थेने नायकाला आवाज दिला. ब्रायन टी. डिलेनी आणि कोर्टनी टेलर यांच्या आवाजांत नायक-नायिकेची तेरा हजारांहून अधिक वाक्ये मुद्रित केल्याचे त्यांनी प्रकाशनापूर्वी अभिमानाने सांगितले. पुढे खुद्द या खेळाचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी संवादांची ही पद्धत म्हणावी तशी साधली नाही असे मान्य केले, आणि २०२३ च्या ‘स्टारफील्ड’मध्ये त्याच संस्थेचा नायक पुन्हा मूक झाला. त्याच वर्षीच्या ‘बाल्डर्स गेट ३’ या अतिशय खर्चिक खेळातही संभाषणात नायकाचे वाक्य उच्चारले जात नाही. दारिद्र्याची खूण म्हणून हिणवले गेलेले मौन जर संपन्न निर्मात्यांनी प्रयोग करून पाहून पुन्हा स्वीकारले असेल, तर त्याचे कारण दारिद्र्यात शोधता येत नाही.

३.

आता मूळ प्रश्न. आवाज वाक्यात नेमके काय घालतो?

आपल्या काव्यशास्त्राला याचे उत्तर ठाऊक होते. भरताने वाचिक अभिनयाच्या विवेचनात काकूचा विचार केला आहे. स्वराच्या चढउताराने वाक्याचा अर्थ बदलतो, पूर्ण वाटणारे वाक्य साकांक्ष होते, हे त्याने जाणले होते. रुद्रटाने काकूला वक्रोक्ती या अलंकारात स्थान दिले. राजशेखराने त्याला हरकत घेतली: काकु हा पाठाचा, म्हणजे उच्चारणाचा धर्म आहे, तो अलंकार कसा होईल? हा वाद वरवर वर्गीकरणाचा वाटला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मोलाचा आहे. काकु संहितेची की उच्चारणाऱ्याची? राजशेखराचे उत्तर स्पष्ट आहे. वाक्य कवीचे, काकु पाठकाची.

काकूचे सामर्थ्य पाहायचे तर ‘वेणीसंहारा’तील भीमाची प्रसिद्ध उक्ती आठवावी. शब्द पाहिले तर आपण शंभर कौरवांना मारणार नाही, दुःशासनाचे रक्त पिणार नाही, असे तो म्हणतो. काकूने ऐकले तर तीच प्रतिज्ञा ठरते. शब्द तेच, नकाराचा होकार झाला तो स्वराने.

आनंदवर्धनाने याही पुढचे पाऊल टाकले. काकूने प्रतीत होणाऱ्या अर्थाला त्याने ध्वनिकाव्याच्या सर्वोच्च वर्गात बसवले नाही. त्याची गणना गुणीभूतव्यंग्यात केली. काकूमुळे व्यंग्यार्थ उच्चाराला जखडला जातो, वाच्याचा अंकित होतो, असे त्यामागील तत्त्व सांगता येईल. ‘ध्वनी’ या शब्दावर येथे एक विलक्षण श्लेष घडतो. पूर्वपक्षाचा ध्वनी म्हणजे कानावर पडणारा नाद. आनंदवर्धनाचा ध्वनी म्हणजे शब्दांपलीकडे सूचित होणारा अर्थ. पहिला वाढला की दुसरा आपोआप वाढतो अशी पूर्वपक्षाची समजूत आहे. पुष्कळदा उलटच होते: कानावरचा ध्वनी मनातल्या ध्वनीला गप्प करतो.

याचा खेळांशी संबंध ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’मध्ये अगदी उघडा दिसतो. तेथे कित्येक प्रसंगी एकच वाक्य यादीत दोनदा येते. एकदा त्यापुढे ‘सत्य’ अशी खूण असते, एकदा ‘असत्य’. शब्दाशब्दाने सारखे असलेले वचन मनापासून द्यायचे की फसवण्यासाठी, हे खेळाडू निवडतो. समोरच्या पात्राला दोन्ही वेळी ऐकू येते ते एकच. नायकाच्या नैतिक वृत्तीच्या हिशेबात मात्र दोहोंची नोंद वेगळी होते. संभाषणकलेतील इतके सूक्ष्म साधन या प्रकाराने क्वचितच दुसरे दिले असेल.

आता या दोन वाक्यांना आवाज द्या. अभिनेत्याने खोट्या वचनात खोटेपणाची काकु आणली, तर ती समोरच्या पात्रालाही ऐकू गेली पाहिजे आणि त्याची फसगत होणे असंभाव्य ठरते. दोन्ही वाक्ये त्याने सारखीच उच्चारली, तर आवाजाने अर्थात काहीच भर घातली नाही. दोन्हीकडून पाश आहे. रंगभूमीवर खलनायक गोड बोलतो आणि प्रेक्षकाला त्याचे कपट कळते, असा आक्षेप यावर घेता येईल. पण प्रेक्षकाला ते कळते पूर्वीच्या स्वगतावरून, कथानकावरून. आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक खलनायक नसतो. येथे कपट करणारा खेळाडू आहे. आपला हेतू काय हे त्याला दुसऱ्याच्या आवाजातून ऐकण्याची गरज नाही.

४.

आवाजाची दुसरी हानी अधिक व्यावहारिक आहे, आणि तिच्याकडे पाहिल्यावाचून या वादाची कार्यकारणपरंपरा कळत नाही.

खेळाडूने यादीतील पूर्ण वाक्य वाचले, निवडले, आणि मग तेच वाक्य अभिनेत्याने उच्चारले, तर ती पुनरुक्ती होते. वाचताना उक्ती एकदा घडून गेलेली असते. दुसऱ्यांदा ऐकणे कंटाळवाणे. ही पुनरुक्ती टाळण्यासाठी निर्मात्यांनी उपाय काढला तो पर्यायाचा संक्षेप करण्याचा. २००७ च्या ‘मास इफेक्ट’ने संवादचक्र आणले: चक्राभोवती दोन-चार शब्दांचे सारांश, आणि निवडल्यावर नायक शेपर्ड बोलतो ते वेगळे, लांब वाक्य. ‘फॉलआउट ४’ने ही पद्धत टोकाला नेली. एका वेळी चार पर्याय, चार कळांना जोडलेले. कित्येकदा एकेका शब्दाचे. त्यांतील ‘उपरोधिक’ हा पर्याय निवडला की आपण नेमके काय बोलणार आहोत याचा खेळाडूला पत्ता नसतो. तो वाक्य निवडत नाही, वाक्याचा वर्ग निवडतो.

परिणाम असा की बोलणाऱ्यालाच आपले बोलणे नंतर कळते. हा अनुभव जगात अन्यत्र कोठे येत असेल तर तो दुभाष्यावर विसंबलेल्या माणसाला. ‘फॉलआउट ४’ बाजारात आल्यावर थोड्याच काळात हौशी खेळाडूंनी पर्यायांच्या जागी पूर्ण वाक्ये दाखवणारा ‘फुल डायलॉग इंटरफेस’ नावाचा मॉड तयार केला आणि तो लोकप्रिय झाला, यात नवल नाही. आपण काय बोलणार आहोत हे बोलण्याआधी कळावे, एवढीच ती मागणी होती. पण मॉडने एक रोग काढताच पहिला परतला. पूर्ण वाक्य वाचायचे, आणि पुन्हा ऐकायचे. संक्षेप करावा तर उक्ती परकी, न करावा तर उक्ती शिळी: नायकाला आवाज देणाऱ्या रचनेला या पेचातून समाधानकारक वाट अजून सापडलेली नाही.

तिसरी हानी विविधतेची. १९९७ च्या पहिल्या ‘फॉलआउट’मध्ये नायकाची बुद्धी अगदी कमी ठेवली तर त्याला धड वाक्य बोलता येत नाही, तो हुंकारतो, आणि लोक त्याच्याशी बोलायचे सोडून देतात. ‘न्यू व्हेगस’मध्ये एखाद्या विषयाचे ज्ञान अपुरे असेल तर त्याच जागी नायकाच्या तोंडी बावळट वाक्य येते. एक अक्षर लिहिणे स्वस्त असते, म्हणून लेखक असे शंभर फाटे फोडू शकतो. प्रत्येक फाट्यासाठी अभिनेते, ध्वनिमुद्रण आणि त्यानंतरचे सोपस्कार लागू लागले, की प्रथम कात्री लागते ती या विक्षिप्त, क्वचित दिसणाऱ्या वाक्यांना. नायक जितका स्पष्ट ऐकू येतो, तितका तो एकच माणूस होत जातो.

५.

येथवरच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जेनिफर हेल यांनी उभी केलेली शेपर्ड, किंवा डग कॉकल यांच्या आवाजातील गेराल्ट (‘द विचर ३’, २०१५) या भूमिकांनी असंख्य खेळाडूंना खोल अनुभव दिला आहे. तो खोटा म्हणायचा काय?

मुळीच नाही. मात्र तो कोणत्या प्रकारचा अनुभव आहे हे पाहिले पाहिजे. गेराल्ट हा आंद्रझेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांतून आलेला, वय, व्यवसाय, स्वभाव आणि भूतकाळ असलेला माणूस आहे. खेळाडू गेराल्ट होत नाही; गेराल्टच्या आयुष्यातील काही वळणांवर त्याच्यासाठी निर्णय घेतो. शेपर्डचेही आडनाव आणि सैनिकी पेशा ठरलेला आहे; खेळाडूने दिलेले पहिले नाव कोणीही उच्चारत नाही, सगळे त्याला आडनावानेच हाक मारतात. अशा पात्राला आपण ‘दत्त पात्र’ म्हणू. त्याच्या संदर्भात खेळाडूची भूमिका नटाची नसून दिग्दर्शकाची आहे. दिग्दर्शक नटाला हेतू सांगतो, काकु नट आणतो. तेथे आवाज हवाच, आणि चांगल्या अभिनेत्याचा हवा.

याउलट ज्या खेळाच्या आरंभी खेळाडूला विचारले जाते, की तू कोण, दिसतोस कसा, नाव काय, बळ किती, बुद्धी किती, त्यातील नायकाला ‘घटित पात्र’ म्हणू. ‘तू कोण’ असा प्रश्न विचारणाऱ्या कृतीने त्याचे उत्तर आपल्याच आवाजात द्यावे, हा वदतोव्याघात आहे. ‘फॉलआउट ४’चा दोष नेमका हा. तो चेहऱ्याची हाडे मागेपुढे करू देतो, त्वचेचा वर्ण निवडू देतो, नाव ठेवू देतो. आणि मग त्या प्रत्येक चेहऱ्यातून एकच अमेरिकन आवाज बाहेर पडतो. त्यातील कॉड्सवर्थ नावाचा यंत्रसेवक सुमारे हजार नावे उच्चारू शकतो, याचे मोठे कौतुक झाले. ज्याचे नाव त्या यादीत नाही, त्याला तो नुसते अदबीचे संबोधन लावतो. घटित पात्राला आवाजाच्या मापात बसवू पाहिले की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

‘बाल्डर्स गेट ३’ने हा भेद फार नेमकेपणाने पाळला आहे. अ‍ॅस्टेरियन हा त्यातील सहकारी, नील न्यूबॉन यांच्या आवाजात मनसोक्त बोलतो. त्या कामासाठी त्यांना २०२३ चा ‘द गेम अवॉर्ड्स’चा अभिनय-पुरस्कारही मिळाला. पण खेळाडूने स्वतः अ‍ॅस्टेरियन होऊन खेळायचे ठरवले, की संभाषणातील त्याची वाक्ये अक्षररूप होतात. माणूस तोच. ‘तो’ असताना त्याला आवाज आहे. ‘मी’ होताच तो आवाज मागे सरतो. पुरुषभेदाचा हा व्याकरणनियमच म्हणायला हवा. ‘डिस्को एलिझियम’च्या २०२१ च्या आवृत्तीत तर नायकाच्या मनातील वृत्तीसुद्धा लेन्व्हल ब्राउन यांच्या धीरगंभीर आवाजात त्याच्याशी बोलतात, खेळाडू जे उत्तर निवडतो ते मात्र निःशब्द राहते. ज्या कृतीने आवाजाचा इतका सढळ वापर केला, तिनेच नायकाच्या उत्तराची जागा रिकामी ठेवली. तेथे मौन हा अभाव नव्हे. तेथे खेळाडू आहे.

मधला मार्ग म्हणून ‘ड्रॅगन एज २’ (२०११) चा उल्लेख होईल. तेथे नायक हॉकला आवाज आहे, प्रत्येक पर्यायाशेजारी त्याचा सूर दाखवणारे चिन्ह आहे, आणि खेळाडू सौम्य, विनोदी वा आक्रमक यांपैकी जो सूर अधिक वेळा निवडेल त्यानुसार हॉकची स्वयंस्फूर्त वाक्येही बदलतात. सवाक् पक्षाचा हा सर्वांत बुद्धिमान प्रयत्न होय. पण त्याची कबुली पाहा: काकु हाच खरा प्रश्न आहे हे ओळखून त्याने तिची वर्गवारी केली. जी गोष्ट मनुष्यागणिक आणि क्षणागणिक वेगळी असते, तिचे मोजके गट पाडले. भरताने काकूचे भेद केले ते नटाला मोकळीक देण्यासाठी. हे भेद खेळाडूची मोकळीक मोजून देण्यासाठी आहेत.

६.

मराठी वाचकाने यात लक्ष का घालावे, याचे कारण आता सांगितले पाहिजे.

वर उल्लेखिलेले खेळ मराठीत उपलब्ध नाहीत. आपल्याकडील तरुण ते इंग्रजीतच खेळतात. अक्षररूप वाक्य वाचताना खेळाडू ते आपल्या आतल्या उच्चारात ऐकतो. पुष्कळदा नकळत मराठीत वळवूनही ऐकतो. त्या वाक्याला अमेरिकन आवाज मिळाला की हा आतला उच्चार उखडला जातो. इंग्रजी वाचणारा मराठी माणूस इंग्रजी शब्दांचा धनी असू शकतो. ‘फॉलआउट ४’ खेळताना तो दुसऱ्याच्या तोंडाचा भाडेकरू होतो.

आणि उद्या मराठीत असा खेळ घडला तर? तेव्हा हा प्रश्न अधिकच तीव्र होईल. आपल्या भाषेत आवाज कधीही निरागस नसतो. ‘ण’ आणि ‘न’ यांच्या उच्चारावरून, एका हेलावरून, बोलणाऱ्याचा प्रदेश, शिक्षण आणि जातसुद्धा ताडण्याची आपल्या समाजाची सवय जुनी आहे. नायकाला आवाज द्यायचा म्हणजे त्याला पुण्याचा, वऱ्हाडचा, मालवणचा की खानदेशचा करायचे हे ठरवणे आले. आणि बाजाराचे आजवरचे वर्तन पाहता हा निर्णय कोणाच्या बाजूने लागेल हे सांगायला ज्योतिषी नको. मग नायक होण्यासाठी इतरांनी प्रथम त्या आवाजाचे व्हायचे. पाठ्यपुस्तकांतून आणि आकाशवाणीवरून प्रमाणभाषेने जे केले, त्याची पुनरावृत्ती ‘मी’ या सर्वनामाच्या आत शिरून होईल.

लेखी मराठी याबाबतीत निर्दोष आहे असे म्हणणे नाही. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतील भेद लपवता येत नाही. समोरच्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’ हे लेखकाला ठरवावेच लागते. पोलिश भाषेतही प्रथमपुरुषी भूतकाळ लिंग उघड करतो. अक्षरालाही मर्यादा आहेत. पण अक्षराची मर्यादा व्याकरणाची आहे. ती त्या भाषेत बोलणाऱ्या सर्वांना सारखी लागू पडते. आवाजाची मर्यादा एका व्यक्तीची असते.

७.

दोन मुद्दे राहिले. दोन्ही पूर्वपक्षाच्या बाजूचे आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणे अगत्याचे.

पहिला, ज्यांना दृष्टी नाही किंवा वाचन कष्टाचे आहे अशा खेळाडूंचा. मूक पर्याय त्यांना दाराबाहेर ठेवतात, हा आक्षेप खरा आहे, आणि मौनाच्या समर्थकांनी तो टाळणे लाजिरवाणे ठरेल. परंतु त्यावरील उपाय पर्याय वाचून दाखवण्याची सोय हा आहे. नायकाचा अभिनय हा नव्हे. किंबहुना संवादचक्राच्या पद्धतीत आवाज येतो तो निवड झाल्यानंतर. निवडीपूर्वी काय निवडायचे हे ऐकू येण्यासाठी दृष्टिहीन खेळाडूला वाचनाची सोय लागतेच. कोणतेही पठण काकूविरहित नसते हे खरे. मात्र जे पठण ऐकणाऱ्याच्या इच्छेने सुरू होते आणि त्याच्याच इच्छेने थांबते, ते त्याच्या नावाने बोलत नाही. त्याला वाचून दाखवते. कीर्तनकाराने पोथी सांगणे वेगळे आणि पोथी वाचून दाखवायला शेजाऱ्याला बसवणे वेगळे, एवढा भेद आपल्याला अपरिचित नाही.

दुसरा मुद्दा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. आजवर मौनाच्या बाजूने खर्चाचे कारण देता येत होते. यंत्राने आवाज निर्माण करता येऊ लागल्यावर ते कारण गळून पडेल, फाटे कितीही असोत. आवाज देणाऱ्या कलावंतांना या संकटाची जाणीव आहे; अमेरिकेतील ‘सॅग-आफ्ट्रा’ या संघटनेने जुलै २०२४ मध्ये खेळनिर्मात्यांविरुद्ध जो संप पुकारला आणि जो २०२५ मध्ये नव्या कराराने मिटला, त्याच्या केंद्रस्थानी हाच प्रश्न होता. त्यांच्या उपजीविकेचा आणि आपल्या आवाजावरील हक्काचा लढा न्याय्य आहे. नायकाच्या मौनाचे समर्थन त्यांच्या विरोधात जात नाही: नायक गप्प असलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये अभिनेत्यांचा ताफा किती मोठा आहे, हे पाहणारा कोणीही सांगेल.

परंतु खर्चाचे कारण गळून पडत असल्यामुळेच सौंदर्यशास्त्रीय कारण स्वतःच्या पायावर उभे केले पाहिजे. कारण यापुढचे आमिष ठरलेले आहे: नायकाला खुद्द खेळाडूचाच आवाज. चार वाक्यांचा नमुना द्या, उरलेले यंत्र तुमच्या आवाजात बोलेल. परक्या आवाजाचा दोष याने निघेल, असे भोळेपणाने वाटेल. वस्तुतः तो परमावधीला जाईल. आवाज माझा, शब्द लेखकाचे, आणि काकु यंत्राची. जे मी म्हटले नाही, ज्या सुरात म्हटले नसते, ते माझ्याच कंठातून मला ऐकवले जाईल. परक्याच्या आवाजाशी निदान असहमत होता येते. स्वतःच्या आवाजातून आलेल्या परक्या हेतूशी कसे होणार? राजशेखराने पाठकाकडे सोपवलेली एकमेव वस्तू पाठकाच्याच नावाने काढून घेतली जाईल.

८.

तात्पर्य, नायकाने बोलावे की गप्प राहावे हा रुचीचा प्रश्न नाही, आणि प्रगतीचा तर नाहीच. दत्त पात्राला आवाज द्यावा. त्याचे ते देणे आहे. घटित पात्राला तो देऊ नये. कारण तेथे ज्याचा आवाज असायला हवा तो माणूस पडद्याच्या अलीकडे बसला आहे आणि बोलतो आहे. ते बोलणे कोणाला ऐकू येत नाही, एवढ्यावरून ते घडलेच नाही असे समजणे हा वाचन नावाच्या व्यापाराचाच अवमान आहे. मनात वाचणारा माणूस मूक नसतो. त्याचे वाक्य त्याच्याऐवजी म्हणून दाखवण्याचा उपकार त्याच्यावर कोणी करू नये.